भिंती न काढणारी माणसं

आत्ता आपण जी सात मिनिटांची फिल्म पाहिली, तिच्यात एका घरातली बरीच दृश्यं होती. जिना होता, खुर्ची होती, टेलिफोन होता. भिंत मात्र एकही नव्हती. छत नव्हतं, आणि भिंत जमिनीला मिळते तिथली रेघही नव्हती. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतल्या आजींना मी मुद्दाम विचारलं, घर कसं वाटलं? त्या म्हणाल्या, ‘छान होतं, पण मुलाला फार एकटं वाटत असेल हो त्या एवढ्या मोठ्या घरात.’ मग मी भिंतींबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ‘होत्या की भिंती.’

आजींनी पाहिलेल्या त्या भिंती कुणी काढल्याच नव्हत्या. आज मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या माणसांनी त्या न काढायचं ठरवलं होतं, आणि ते ठरवण्यापर्यंत पोचायला त्यांना दहाएक वर्षं लागली होती.

फिल्मचं नाव ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’. साल 1950. गोष्ट डॉ. स्यूस यांची. दोन वर्षांचा जेराल्ड बोलायला लागतो, पण त्याच्या तोंडून शब्द येत नाहीत, आवाज येतात. स्प्रिंग उडाल्यासारखा, स्फोट झाल्यासारखा. डॉक्टर हात टेकतात, शाळा त्याला परत पाठवते, मुलं खेळायला घेत नाहीत. शेवटी तो रात्री घरातून पळून जातो, तेव्हा एका रेडिओ स्टेशनचा मालक त्याला गाठतो आणि ज्या आवाजांमुळे त्याला सगळ्यांनी दूर केलं, त्याच आवाजांसाठी कामावर ठेवतो. ही फिल्म काढणाऱ्या स्टुडिओचं नाव युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका. ॲनिमेशनच्या जगात त्याला यूपीए म्हणतात. आपल्याकडे या तीन अक्षरांनी राजकारण आठवतं, पण आजचा विषय तो नाही.

डिस्ने सगळ्यांना ठाऊक आहे. टॉम आणि जेरी, बग्ज बनी ठाऊक आहेत. यूपीए हे नाव आपल्याकडे ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांनाही क्वचितच माहीत असतं. मी गेली बरीच वर्षं शिकवतो आहे आणि दर वर्षी विचारतो, म्हणून सांगतो. आणि गंमत अशी की ही मुलं मोबाइलवर, जाहिरातींत, ॲप्समध्ये जी सपाट रंगांची, मोजक्या रेघांची चित्रं रोज बघतात, त्यांचं मूळ शोधत गेलं तर वाट या स्टुडिओच्या दारावरूनच जाते.

आधी काय होतं ते सांगतो, नाहीतर यांनी काय सोडलं ते कळणार नाही. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांवर. ही चित्रं पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तावांवर, गिरवायची, मागून रंगवायची, बॅकग्राउंडवर ठेवून एकेक करून शूट करायची. 1930 च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओने हे काम अशा उंचीवर नेलं की पात्रांना वजन आलं, ती श्वास घेतात असं वाटू लागलं. 1937 ची ‘स्नो व्हाइट’ पाहताना आजही थक्क व्हायला होतं. मी डिस्नेला कमी लेखायला इथे आलेलो नाही. यूपीएतली बहुतेक मोठी माणसं त्याच शाळेत शिकली, आणि तिथे हात तयार झाला म्हणूनच पुढे त्यांना हात आवरता आला.

पण त्या शाळेचं एक गृहीतक होतं. कार्टूनची फिल्म म्हणजे खऱ्या फिल्मची हातानं काढलेली बहीण. तेव्हा जागा खोल दिसली पाहिजे, झाडाला सावली पाहिजे, माणसाचं शरीर गोल पाहिजे. यातून सुटायची ओढ स्टुडिओतल्या तरुण चित्रकारांना लागली होती. पिकासो, मातीस, क्ले यांची चित्रं ते पाहत होते. 1939 साली वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट स्टुडिओत आले. येताना त्यांनी एक रशियन कार्टून फिल्म आणली होती, लोककलेसारख्या सपाट, ठसठशीत आकारांची. ती पाहून चिडणारेही होते, पण जॉन हबलीसारख्या तरुणांच्या मनात ती घर करून राहिली. हबली तेव्हा पंचविशीत होता आणि बॅकग्राउंड-लेआउटचं काम करत होता.

मग 1941 चा संप. 29 मे रोजी डिस्नेचे शेकडो कर्मचारी फाटकाबाहेर उभे राहिले. पगारात भयंकर तफावत होती, पडद्यावर नाव येत नव्हतं, युनियनला मान्यता नव्हती. गूफीला ज्याने खरं व्यक्तिमत्त्व दिलं, तो आर्ट बॅबिट स्टुडिओतल्या सर्वांत वरच्या ॲनिमेटरांपैकी एक. त्याला युनियनच्या कामामुळे काढून टाकलं, आणि ठिणगी पडली. संप मिटायला सप्टेंबर उजाडला. युनियनला मान्यता मिळाली, पण मनं तुटली ती तुटलीच. हबली, डेव्ह हिल्बरमन, झॅक श्वार्ट्झ, स्टीफन बोसस्टो अशी सगळी मंडळी पांगली.

1943 मध्ये श्वार्ट्झ आणि हिल्बरमन यांनी हॉलिवूडमध्ये एक खोली भाड्याने घेतली. कशासाठी? नोकरीनंतर स्वतःची चित्रं रंगवायला. स्टुडिओ काढायचा विचारही नव्हता. बोसस्टो त्या वेळी विमानांच्या कारखान्यात होता. त्याने वेल्डिंगच्या सुरक्षिततेवर एक चित्रफीत करायचं काम आणलं, आणि तिघांची भागीदारी जमली. नावही साधंच, ‘इंडस्ट्रियल फिल्म अँड पोस्टर सर्व्हिस’. पोस्टर हा शब्द ध्यानात ठेवा. श्वार्ट्झच्या डोक्यात एक विचार घोळत होता: आपला कॅमेरा हा सिनेमाचा कॅमेरा नाहीच, तो छापखान्याच्या यंत्राच्या जवळचा आहे. आपण कागदावरची चित्रं एकामागून एक छापतो आहोत. मग छापील चित्राला जे जे करता येतं, ते सगळं आपल्याला का करता येऊ नये? पोस्टरमध्ये कुणी सावल्या मोजत बसतं का? 1946 मध्ये हबली आणि श्वार्ट्झ यांनी मिळून एक लेख लिहिला, ‘ॲनिमेशन नवी भाषा शिकतं आहे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. तुम्ही शिकत असाल तर तो शोधून वाचा.

नव्या भाषेत त्यांनी पहिलं मोठं वाक्य उच्चारलं ते राजकीय होतं. 1944 ची ‘हेल-बेंट फॉर इलेक्शन’. मोटार कामगारांच्या युनियनने रूझवेल्टच्या प्रचारासाठी ती करून घेतली. रूझवेल्ट म्हणजे झोकदार आधुनिक आगगाडी आणि विरोधक म्हणजे धापा टाकणारं जुनाट इंजिन. दिग्दर्शन चक जोन्सचं, तोच बग्ज बनीवाला. दिवसा वॉर्नरची नोकरी, संध्याकाळी हे काम.

पण माझं मन अडकलंय ते पुढच्या फिल्ममध्ये. ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’, 1946. दिग्दर्शक रॉबर्ट कॅनन, ज्याला सगळे बोब म्हणत. पुन्हा मोटार कामगारांचीच युनियन. दक्षिणेतल्या कारखान्यांत गोरे आणि काळे कामगार एका संघटनेत यायला हवे होते आणि मध्ये वंशद्वेष आडवा येत होता. मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश यांनी 1943 मध्ये एक पुस्तिका लिहिली होती: माणसांच्या वंशांमधले फरक वरवरचे आहेत, बुद्धी आणि रक्त यांत भेद नाही. अमेरिकी लष्कराने तिचं वाटप थांबवलं होतं. तीच पुस्तिका या लोकांनी दहा-अकरा मिनिटांच्या कार्टूनमध्ये आणली. आणि इथे सपाट शैलीचा खरा अर्थ लागतो. जुन्या गोल, लवचीक शैलीत वेगवेगळ्या वंशांची माणसं काढायची म्हटली की तेव्हाच्या कार्टूनमधली जाड ओठांची, तिरक्या डोळ्यांची हेटाळणीची चित्रं आपोआप हाताखालून उतरायची. ती सवय हातातच मुरली होती. यूपीएच्या माणसांनी ती सोडायला चित्राची पद्धतच सोडली. साध्या आकृत्या, सारखीच उंची, सारखीच वळणं, फरक फक्त रंगाचा. फिल्म जे सांगते तेच तिची रेघ सांगते. रेघ आणि विचार एवढे एकजीव झालेले मी फार कमी ठिकाणी पाहिलेत.

त्याच वर्षी श्वार्ट्झ आणि हिल्बरमन यांनी आपला वाटा बोसस्टोला विकला. दुसरं महायुद्ध संपलं होतं, सरकारी आणि लष्करी कामं आटली होती. बोसस्टो चित्रकार म्हणून या मंडळींच्या पुढचा नव्हता, पण माणसं सांभाळणारा आणि काम आणणारा होता. 1948 मध्ये त्याने कोलंबिया पिक्चर्सशी करार केला. कोलंबियाने आधी त्यांना आपली जुनी पात्रं दिली, कोल्हा आणि कावळा. त्या फिल्मनाही ऑस्करची नामांकनं मिळाली. पण यांना प्राणी नको होते, यांना माणसं हवी होती. कोलंबियाला ते मान्य होईना. शेवटी 1949 च्या ‘रॅगटाइम बेअर’मध्ये हबलीने मधला मार्ग काढला. अस्वल घातलं, कोलंबिया खूश. आणि अस्वलासोबत एक म्हातारा घातला, जो त्या अस्वलाला आपला पुतण्या समजून सबंध फिल्मभर वागवतो. तो म्हातारा म्हणजे मिस्टर मगू. आवाज जिम बॅकसचा. यूपीएचं नाव ज्याच्यामुळे घराघरांत गेलं, ते पात्र हेच.

मगूबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्याच्यावर नंतर जो आक्षेप आला तो मला खरा वाटतो. डोळ्यांनी अधू माणसाची चेष्टा. पुढच्या फिल्ममध्ये तेवढंच उरलं, हे कबूल केलं पाहिजे. पण पहिल्या मगूकडे नीट बघा. त्याची अडचण डोळ्यांत नाहीच. तो चष्मा लावून घ्यायला तयार नाही, कुणाचं ऐकून घ्यायला तयार नाही, आणि आपल्याला दिसतं तेच खरं अशी त्याची पक्की खात्री आहे. चिडका, हट्टी, जुन्या वळणाचा अमेरिकन. हबलीने त्याला काढताना स्वतःच्या एका नातेवाइकाचा स्वभाव डोळ्यांपुढे ठेवला होता. 1949 च्या अमेरिकेत, जिथे समोरच्या माणसात अस्वल आणि अस्वलात शत्रू दिसायला सुरुवात झाली होती, तिथे हे पात्र काय बोलत होतं ते तेव्हाच्या लोकांना कळत असणार. पुढे प्रेमळ म्हातारबाबा करून त्याचे दात काढले, आणि मग हसण्यासारखं फक्त त्याचं न दिसणंच शिल्लक राहिलं.

आता जेराल्डकडे परत येतो. बिल हर्ट्झने डिझाइन केलं, ज्यूल्स एंगेल आणि हर्ब क्लिन यांनी रंग, कॅननने दिग्दर्शन, संगीत गेल कुबिकचं. फिल्म पुन्हा पाहाल तेव्हा बॅकग्राउंडच्या रंगाकडे लक्ष द्या. मुलाच्या आणि आईवडिलांच्या मनात जे चाललं आहे, तो रंग खोलीला येतो. पात्रांच्या अंगातूनही तोच रंग दिसतो, कारण बऱ्याच ठिकाणी अंगात वेगळा रंग भरलेलाच नाही. एका जागेतून दुसरीकडे जाताना कट नाही: माणूस तिथेच असतो, त्याच्याभोवतीचं सामान बदलतं. वडिलांची खुर्ची म्हणजे चार रेघा, पण त्या चार रेघांवरून ते घर कोणत्या थरातलं आहे ते कळतं. कमी रेघा म्हणजे कमी माहिती असं नाही. उरलेल्या प्रत्येक रेघेवर दुप्पट जबाबदारी येते. या फिल्मला ऑस्कर मिळालं.

मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मी ऐंशीच्या दशकात मुंबईत जाहिरातपटांच्या एका छोट्या स्टुडिओत इन-बिट्विनर होतो. मुख्य ॲनिमेटर दोन टोकांची चित्रं काढतो, मधली आम्ही भरायची. तिथे एक ज्येष्ठ होते, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. एकदा मी एका पात्राच्या शर्टाला चार बटणं काढली. मास्तरांनी कागद उचलला आणि विचारलं, ‘शॉट किती सेकंदांचा?’ मी म्हटलं, दहा. ‘म्हणजे 120 चित्रं. चार बटणं. 480 बटणं काढणार आहेस तू. ती गिरवणारी मुलगी 480 काढणार, रंगवणारी 480 रंगवणार. काढ, काही हरकत नाही. फक्त मला एवढं सांग, त्या शर्टाला बटणं कशाला हवीत?’ मी म्हटलं, नकोत, खोडतो. त्यावर ते म्हणाले, ‘खर्च वाचवायला खोडत असशील तर राहू दे. त्याला गरज नाही म्हणून खोडत असशील, तर खोड.’ मला ते तेव्हा कळलं नाही. खोडायचीच आहेत ना, मग कारणाने काय फरक पडतो, असं वाटलं. यूपीएच्या पुढच्या गोष्टीत तो फरक किती पडतो ते दिसतं.

पण त्याआधी, जे घडलं ते. 24 ऑक्टोबर 1947 रोजी वॉल्ट डिस्नेने अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कम्युनिस्ट हुडकणाऱ्या त्या कुप्रसिद्ध समितीपुढे साक्ष दिली आणि संपामागे कम्युनिस्ट होते असं सांगितलं. नाव घेतलं हिल्बरमनचं. पुरावा काय, तर त्याला धर्म नाही आणि तो मॉस्कोच्या थिएटरमध्ये शिकून आलाय. हिल्बरमनने पुढे न्यूयॉर्कमध्ये काढलेला स्टुडिओ अशाच आरोपांनी बुडाला. 1952 मध्ये लाट यूपीएवर आली. कोलंबियाने दबाव आणला: संशयित माणसं काढा, नाहीतर करार संपला. बोसस्टोपुढे सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न होता. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. हबली गेला. जेराल्डच्या पटकथेवर काम करणारा फिल ईस्टमन गेला. बिल स्कॉटही बाहेर पडला. हबलीला 1956 मध्ये समितीपुढे बोलावलं, तेव्हा त्याने एकाही सहकाऱ्याचं नाव सांगितलं नाही.

हबलीने जाण्याआधी ‘रूटी टूट टूट’ पुरी केली होती. फ्रँकी आणि जॉनीचं जुनं गाणं, प्रेमातल्या खुनाचा खटला, सगळं नाचत आणि गात. नाचाच्या हालचालींसाठी खरी नर्तकी नेमली. संगीत फिल मूर या कृष्णवर्णीय संगीतकाराचं, आणि पडद्यावर त्याचं नाव आहे. त्या काळात हे किती दुर्मीळ होतं! पात्रांच्या अंगाबाहेर रंग ओघळतो, रेघेत मावत नाही. माझ्या मते यूपीएची सगळ्यांत धाडसी फिल्म तीच.

हबली गेल्यावर स्टुडिओ लगेच ओसरला असं नाही. 1953 मध्ये पो यांच्या कथेवर ‘द टेल-टेल हार्ट’ आली. खुनी माणसाच्या डोळ्यांतून सगळं दिसतं, हालचाल अगदी थोडी, कॅमेरा चित्रांवरून सरपटत जातो, आणि जेम्स मेसनचा आवाज कानात कुजबुजत राहतो. ब्रिटनच्या सेन्सॉरने तिला ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं, फक्त प्रौढांसाठी. कार्टूनला असं प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिली वेळ. तिचं डिझाइन पॉल ज्युलियनचं. त्याची दुसरी ओळख सांगतो: रोड रनरचा ‘बीप बीप’ हा आवाज त्याच माणसाचा आहे. वॉर्नरमध्ये असताना तो बॅकग्राउंड रंगवायचा. लहानपणी टीव्हीसमोर बसून आपण ज्याचा आवाज ऐकला, त्याने रंगवलेला अंधार बघायला मला चाळिशी गाठावी लागली.

1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने यूपीएचं प्रदर्शन भरवलं. 1956 सालच्या फिल्मसाठी ऑस्करच्या कार्टून विभागात तीन नामांकनं होती आणि तिन्ही यूपीएची. बरबँकमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, वास्तुविशारद जॉन लॉटनर यांनी बांधलेला. ती इमारत आता नाही.

मग टीव्ही आला. सीबीएसवर 1956 मध्ये जेराल्डच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दर आठवड्याला नवं काहीतरी, नव्या चित्रकारांना मोकळं रान. कार्यक्रम फार टिकला नाही. त्याच सुमारास हॅना आणि बार्बेरा या दोघांचा एमजीएममधला विभाग बंद झाला. टॉम आणि जेरी घडवणारी ही माणसं. त्यांनी टीव्हीसाठी कार्टून काढायला घेतली आणि पैसे इतके कमी होते की यूपीएचीच युक्ती उचलावी लागली: कमी चित्रं, सपाट आकार, एका वेळी शरीराचा एकच भाग हलवायचा. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर का असते माहीत आहे? डोकं वेगळ्या सेलवर आणि धड वेगळ्या. बोलताना फक्त डोकं बदलायचं, आणि सांधा दिसू नये म्हणून कॉलर. फ्लिंटस्टोनच्या टायचं कामही तेच. 1995 नंतर आपल्या घरांत कार्टून नेटवर्क आलं, तेव्हा आपल्या मुलांनी हेच पाहिलं. मी त्या दोघांना दोष देत नाही. शेकडो ॲनिमेटरांच्या चुली त्यांच्यामुळे पेटत्या राहिल्या. पण मास्तरांनी विचारलेला प्रश्न इथे येऊन उभा राहतो. बटणं तीच खोडली. जेराल्डच्या घरात भिंत नाही, कारण त्या मुलाचा एकटेपणा भिंतीशिवाय जास्त कळतो. टीव्हीतल्या कार्टूनात मागचं तेच झाड पाचव्यांदा सरकतं, कारण सहावं झाड परवडत नाही. पडद्यावर दोन्ही ‘मर्यादित ॲनिमेशन’च दिसतं, शब्द एकच आहे, आणि त्यामुळे लोकांनी दोन्ही एकाच तराजूत टाकली. ‘स्वस्त कार्टूनची सुरुवात यूपीएने केली’ हे वाक्य मी अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकलंय आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते यूपीएच्याच शेवटाचं. 1960 मध्ये बोसस्टोने स्टुडिओ हेन्री सॅपरस्टीनला विकला. मगूच्या टीव्ही मालिकेत मगूला चार्ली नावाचा चिनी नोकर दिला. पुढे आलेले दात, मोडकं इंग्रजी. ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’नंतर अवघ्या 14 वर्षांनी, त्याच नावाच्या स्टुडिओतून. नाव तेच होतं, माणसं उरली नव्हती. 1962 मध्ये मगूचा नाताळचा एक कार्यक्रम झाला तो चांगला होता, टीव्हीसाठी केलेला नाताळचा पहिला कार्टून कार्यक्रम म्हणून आजही अमेरिकेत लोक त्याची आठवण काढतात. पुढे त्या कंपनीने जपानी गॉडझिलापट अमेरिकेत आणायचा धंदा केला.

तेव्हा वारसा कुठे शोधायचा? कंपनीत नाही. माणसं जिथे जिथे गेली तिथे. 1952 मध्ये दाराबाहेर काढलेला फिल ईस्टमन मुलांसाठी पुस्तकं काढू लागला. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू मांजरीला, कोंबडीला, कुत्र्याला विचारत फिरतं, तू माझी आई का? ते पुस्तक त्याचं, 1960 चं. तुमच्यापैकी किती जणांनी ते आपल्या मुलांना वाचून दाखवलं असेल! त्याचं प्रत्येक पान बघा, मोकळी जागा, मोजकी रेघ. बिल स्कॉट पुढे टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या बुलविंकल या मूसचा, म्हणजे मोठ्या शिंगांच्या हरणाचा, आवाज झाला. यूपीएत उमेदवारी केलेला जिमी मुराकामी लहानपणी अमेरिकेनेच जपानी वंशाच्या लोकांसाठी उभारलेल्या छावणीत वाढला होता. तो पुढे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये काम करत राहिला. जीन डाइच न्यूयॉर्कच्या शाखेतून निघाला तो शेवटी प्रागला पोचला.

आणि झाग्रेब. यूगोस्लाव्हियातल्या तरुण चित्रकारांकडे ॲनिमेशनचं शिक्षण नव्हतं, साहित्य नव्हतं. ‘द फोर पोस्टर’ नावाचा एक साधा अमेरिकन चित्रपट तिथे लागला, त्यात हबलीने केलेले छोटे कार्टून तुकडे होते. ते तुकडे त्या मुलांनी पुन्हा पुन्हा पाहून आत्मसात केले. पुढे झाग्रेबच्या दुशान वुकोतिच याच्या ‘सुरोगात’ला ऑस्कर मिळालं, अमेरिकेबाहेरच्या कार्टूनला मिळालेलं पहिलं. खुद्द डिस्नेनेही 1953 मध्ये ‘टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम’ ही सपाट, टोकदार, सगळी यूपीएच्या वळणाची फिल्म काढली आणि ऑस्कर घेतलं.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात 1956 मध्ये शिकवायला आले ते क्लेअर वीक्स, डिस्नेचे. राम मोहन यांच्यासारखी माणसं त्या काळात तिथे घडली. म्हणजे आपलं पहिलं शिक्षण गोल शैलीचं. तरी 1974 ची ‘एक अनेक और एकता’ आठवा. विजया मुळे यांची फिल्म, भीमसेन यांचं ॲनिमेशन, वसंत देसाई यांचं संगीत. दूरदर्शनवर आपण ती इतक्यांदा पाहिली की ती पाहिली आहे हेही विसरलो. सपाट रंग, जाळं घेऊन उडणाऱ्या चिमण्या, ताई आणि तिच्याभोवतीची मुलं, आणि मागे जवळजवळ काही नाही. ही कुणाची नक्कल असं मी म्हणत नाही. तोवर ही भाषा जगाची झाली होती आणि आपल्या लोकांनी ती आपल्या मजकुरासाठी वापरली. जी भाषा अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्या कामगारांना एकत्र आणायला वापरली गेली, तीच इथे लहान मुलांना एकीचं सांगायला वापरली, हे मला फार जवळचं वाटतं.

आता शेवटची फिल्म दाखवायची आहे, तिच्याबद्दल दोन शब्द. हबली यूपीएतून निघाल्यावर काही वर्षं जाहिराती करत होता, त्याही आपलं नाव पुढे न आणता. 1955 मध्ये त्याने फेथ एलियट हिच्याशी लग्न केलं. दोघांनी ठरवलं की वर्षाला एक तरी फिल्म स्वतःची, मनातली करायची, आणि त्यांनी ते जवळपास पाळलं. 1959 ची ‘मूनबर्ड’ त्यांतली. त्यांच्या दोन लहान मुलांचं खेळणं आणि बडबड त्यांनी टेपवर घेतली आणि त्या आवाजावर चित्रं काढली. दोन भाऊ रात्री गुपचूप घराबाहेर पडतात, चंद्रपक्षी पकडायला. इथे सेलही सोडला आहे. कागदावरची चित्रं डबल एक्स्पोजरने, म्हणजे त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा शूट करून, बॅकग्राउंडवर घेतली आहेत, म्हणून मुलांच्या अंगातून रात्र दिसते. धाकटा मध्येच विषय सोडून भलतंच गाणं म्हणू लागतो आणि थोरला वैतागतो, ते कुणी लिहिलेलं नाही.

दहा मिनिटांची आहे. दिवे घालवा, आणि मागच्या लोकांना ऐकू येत नसेल तर आवाज थोडा वाढवा. धाकटा फार हळू बोलतो.